वाटाघाटींच्या दालनात वैद्याचे आसन कोठे?

हळदीच्या पेटंटाची कथा आपल्या परिषदांतून आणि महाविद्यालयीन व्याख्यानांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिला आता जवळजवळ पुराणकथेचे रूप आले आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये, हळदीच्या चूर्णाने व्रण भरून येतो या ‘शोधा’बद्दल अमेरिकेत पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये त्यास आव्हान देण्यात आले. संस्कृत, उर्दू व हिंदी भाषांतील जुन्या लेखनासह ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. कथा येथे संपते, सभागृहात टाळ्या पडतात आणि आपण निश्चिंत मनाने घरी जातो.

या कथेतील एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. घरोघरी आजी जे लहान मुलाच्या गुडघ्याला लावते, त्यासाठी छापील संदर्भ शोधण्याची वेळ का आली? वापर प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असताना कागदच का हवा होता? याचे उत्तर असे की, त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील पूर्वज्ञान छापील असेल किंवा त्यावर पेटंट असेल तरच ग्राह्य धरले जाई. परदेशातील केवळ वापर तेथे पुरावा मानला जात नसे. हा भेद २०११ च्या अमेरिकी कायद्याने दूर झाला व ती सुधारणा मार्च २०१३ पासून लागू झाली. म्हणजे वाद हळदीच्या गुणाचा नव्हताच. पुरावा कशास म्हणावे, हा वाद होता. आणि पुरावा कशास म्हणावे हे जेथे ठरते तेथे वैद्य उपस्थित नव्हता.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. बौद्धिक संपदेचे जागतिक नियम कोणत्या दालनात ठरतात, तेथे कोण बसतो, मसुदा कोणास वाचावयास मिळतो, आणि नागपुरातील चिकित्सक किंवा औषधनिर्मात्याने याची चिंता का करावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पुणे-सांगलीची साक्ष

हळदीच्या कथेशेजारी कडुनिंबाची कथा ठेवून पाहिली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते यांना, निंबोळीच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकासाठी सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले. त्यास डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ मध्ये विरोध नोंदविला. युरोपीय कायद्यात लेखी प्रसिद्धीइतकेच महत्त्व तोंडी कथनाला व प्रत्यक्ष वापराला आहे, मग तो वापर जगाच्या पाठीवर कोठेही झालेला असो. त्यामुळे म्यूनिक येथील सुनावणीत एका भारतीय साक्षीदाराची साक्ष मांडता आली. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसमवेत निंबोळीच्या अर्काचे जे प्रयोग झाले होते, त्यांविषयीची ती साक्ष होती. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. कंपनीच्या बाजूने झालेले अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. या एका पेटंटासाठी दहा वर्षे लागली.

दोन्ही कथांत ज्ञान भारतीय, वनस्पती भारतीय आणि अर्जदार परदेशी. तरी एका देशात पोथी दाखवावी लागली, तर दुसरीकडे शेतातील माणसाचे म्हणणे ऐकून घेतले गेले. फरक ज्ञानात नव्हता. फरक नियमात होता. ज्यांच्याजवळ पोथी आहे ते पहिल्या नियमाखालीही कसेबसे वाचतात. ज्यांचे ज्ञान मुखपरंपरेने चालत आले, त्यांना दुसरा नियम नसेल तर कोणताच आधार उरत नाही. म्हणूनच नियम घडविण्याच्या जागी कोण आहे, हा आपल्या दृष्टीने प्राणाचा प्रश्न ठरतो.

बंद दालनात घडलेला करार

जागतिक व्यापार संघटनेच्या चौकटीतील बौद्धिक संपदाविषयक करार, ज्यास ‘ट्रिप्स’ म्हणतात, १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे स्वाक्षरीस आला व १ जानेवारी १९९५ पासून अंमलात आला. त्याची घडण १९८६ पासून चाललेल्या उरुग्वे फेरीत झाली. या घडणीत उद्योगांचा सहभाग प्रारंभापासून होता. अमेरिकेतील डझनभर मोठ्या कंपन्यांनी १९८६ मध्ये आपली एक समिती स्थापन केली, आणि जून १९८८ मध्ये युरोप व जपानमधील उद्योगसंघटनांच्या साथीने, करारात काय असावे याचा आराखडाच प्रसिद्ध केला. त्याच काळात आयुर्वेदाच्या कोणत्या संघटनेने, कोणत्या ग्रामसभेने किंवा कोणत्या वनौषधी गोळा करणाऱ्या समाजाने असा आराखडा मांडला होता? मांडावा असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी मसुदा पुढे ठेवला, तेव्हा आपल्या देशात मोठा गदारोळ उठला. ‘डंकेल प्रस्ताव’ हा शब्द महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही पोहोचला. परंतु तोवर मांडणीचा सांगाडा पक्का झालेला होता. शिवाय या वाटाघाटींत ‘ग्रीन रूम’ नावाने ओळखली जाणारी एक पद्धत रूढ होती. महत्त्वाच्या तडजोडी मोजक्या देशांच्या प्रतिनिधींना बोलावून लहान दालनात होत, त्यांचे इतिवृत्त नसे, आणि उरलेल्या देशांसमोर तयार मजकूर येई. नावाने बहुपक्षीय असलेली सभा व्यवहारात थोडक्यांची होत असे.

याचे फळ कराराच्या मजकुरात दिसते. ट्रिप्सच्या २७ व्या कलमात शोध नवा असावा असे म्हटले आहे. पण ‘नवा’ म्हणजे काय, याची व्याख्या नाही. २९ व्या कलमात अर्जदाराने आपला शोध स्पष्टपणे प्रकट करावा असे म्हटले आहे. परंतु त्यासाठी वापरलेली वनस्पती कोठून आणली व तिचा गुण कोणाकडून कळला, हे सांगण्याची सक्ती नाही. जे दालनात होते त्यांना या सक्तीची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती ते दालनात नव्हते.

पुढे नोव्हेंबर २००१ मधील दोहा परिषदेच्या जाहीरनाम्यात, ट्रिप्स आणि जैवविविधता करार यांचा परस्परसंबंध व परंपरागत ज्ञानाचे संरक्षण यांचा विचार करण्याचा आदेश आला. भारत, ब्राझील व अन्य देशांनी २००६ मध्ये ट्रिप्समध्ये नवे कलम घालून उगम प्रकट करण्याची सक्ती असावी, असा रीतसर प्रस्ताव दिला. ट्रिप्समध्ये तशी दुरुस्ती झाली नाही. एकदा बंद दालनात ठरलेली गोष्ट उघड्या सभेत बदलून घेणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण होय.

आपल्या संसदेची स्थितीही लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय करार करणे हे कार्यकारी शासनाचे काम आहे. करारास संसदेची पूर्वसंमती बंधनकारक नाही. करारानुसार कायदे करण्याची वेळ आली की मगच विषय संसदेसमोर येतो. ट्रिप्सच्या बाबतीत हेच घडले. १९९४ च्या अखेरीस काढलेला पेटंटविषयक अध्यादेश पुढच्या वर्षी निकालात निघाला, अमेरिकेने तक्रार केली, १९९७ मध्ये निर्णय भारताविरुद्ध गेला, आणि पेटंट कायद्यात १९९९, २००२ व २००५ अशा तीन दुरुस्त्या कराव्या लागल्या. संसदेत चर्चा झाली खरी, परंतु कोणत्या मर्यादेत चर्चा करावयाची हे आधीच ठरून गेले होते.

जिनिव्हातील पाव शतक

दार उघडे ठेवल्यास काय होते, याचेही उदाहरण आहे. कोलंबियाने १९९९ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत, म्हणजे ‘वायपो’त, अशी सूचना मांडली की जनुकीय संसाधनांवर आधारलेल्या पेटंट अर्जात त्यांचा उगम नोंदविला जावा. पुढील वर्षी या विषयासाठी आंतरशासकीय समिती स्थापन झाली. या समितीचे मसुदे प्रसिद्ध होत. संस्थांना निरीक्षक म्हणून सोप्या पद्धतीने मान्यता मिळे. आदिवासी व स्थानिक समाजांच्या प्रतिनिधींना जिनिव्हापर्यंत येता यावे यासाठी २००५ मध्ये ऐच्छिक देणग्यांचा निधी उभारण्यात आला. चर्चा संथ होती, वेळोवेळी अडून पडली, निधी कधी कधी रिकामाही राहिला. तरी दार लावून घेतले गेले नाही.

अखेर २४ मे २०२४ रोजी बौद्धिक संपदा, जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी निगडित परंपरागत ज्ञान यांविषयीचा करार जिनिव्हा येथे सर्वसंमतीने स्वीकारला गेला. पेटंटाचा दावा जनुकीय संसाधनावर आधारलेला असेल तर अर्जदाराने उगमाचा देश सांगावा, आणि परंपरागत ज्ञानावर आधारलेला असेल तर ते ज्ञान देणारा समाज सांगावा. ते ठाऊक नसल्यास निदान कोठून मिळाले ते सांगावे, असा त्याचा गाभा आहे. वायपोच्या करारात आदिवासी व स्थानिक समाजांसाठी खास तरतुदी येण्याची ही पहिलीच वेळ होती.

या कराराच्या मर्यादाही मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. तो मागील पेटंटांना लागू होत नाही. १५ पक्षांचे अनुसमर्थन आल्यानंतर तीन महिन्यांनी तो अंमलात यावयाचा आहे. केवळ उगम सांगितला नाही एवढ्यावरून पेटंट रद्द करता येत नाही. फसवणुकीचा हेतू असल्यासच कठोर उपाय योजता येतो. तसेच हा करार उगम सांगण्यापुरता आहे. परंपरागत ज्ञानाचे स्वतंत्र संरक्षण, त्यातील लाभाचा वाटा, हा भाग त्यात आलेला नाही. परंतु ट्रिप्सच्या परिषदेत वर्षानुवर्षे जे साधले नाही, त्याचा एक अंश तरी येथे साधला, ही गोष्ट लहान नव्हे.

याच्या उलट उदाहरणही नोंदवावे. नकली मालाविरुद्धचा ‘ॲक्टा’ नावाचा करार काही विकसित देशांनी गुप्तपणे वाटाघाटी करून तयार केला. मसुदे फुटून बाहेर आल्यानंतरच, एप्रिल २०१० मध्ये, अधिकृत मसुदा प्रसिद्ध झाला. औषधांच्या वाहतुकीवर त्याचा परिणाम होईल अशी भीती जगभर व्यक्त झाली, आणि जुलै २०१२ मध्ये युरोपीय संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी तो फेटाळला. गुप्ततेने करार लवकर तयार होतो, पण तो टिकतोच असे नाही, हा यातील बोध.

अलीकडे बौद्धिक संपदेचे नियम द्विपक्षीय व प्रादेशिक व्यापार करारांतूनही येऊ लागले आहेत. युरोपातील चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी १० मार्च २०२४ रोजी आणि ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी भारताने केलेल्या करारांत बौद्धिक संपदेची स्वतंत्र प्रकरणे आहेत. सामान्य वाचकाला त्यांचा अधिकृत मजकूर हाती आला तो स्वाक्षरीच्या वेळी. वाटाघाटी करणारे अधिकारी म्हणतात की, आपले पत्ते आधीच उघडे केले तर देवाणघेवाण कशी करावयाची? हे म्हणणे निराधार नाही. कोणत्या बाबतीत किती माघार घ्यावयाची, ही रणनीती गुप्त राहू शकते. परंतु उद्या जो मजकूर देशातील प्रत्येक औषधनिर्मात्याला बांधणार आहे, तो मजकूर रणनीती नव्हे. तो भावी कायदा आहे, आणि कायद्याचा मसुदा पाहण्याचा अधिकार ज्यांना तो पाळावयाचा आहे त्यांना असलाच पाहिजे.

चैत्ररथ वनातील सभा

सर्वांना सामावून घेणारी, उघडी सभा ही कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात, चैत्ररथ वनात जमलेल्या महर्षींची रससंख्येवरील चर्चा आलेली आहे. भद्रकाप्याने एकच रस मानला, शाकुंतेयाने दोन, पूर्णाक्ष मौद्गल्याने तीन, हिरण्याक्ष कौशिकाने चार. निमी हा विदेहाचा राजा, तो सात म्हणाला. आणि बाल्हीक देशाचा वैद्य कांकायन याने रस असंख्य आहेत असे मत दिले. आत्रेयांनी शेवटी सहा रसांचा सिद्धांत स्थापित केला. परंतु तो करताना इतरांची मते का ग्राह्य नाहीत याची कारणे दिली.

या अध्यायाकडे वाटाघाटींचे इतिवृत्त म्हणून पाहिले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, कोण काय म्हणाला हे नावानिशी नोंदले आहे. दुसरी, राजा, ऋषी आणि दूरदेशीचा वैद्य यांना एकाच सभेत बोलण्याचा अधिकार होता. तिसरी, अंतिम निर्णय कारणांसह दिला आहे. त्यामुळे दोन हजार वर्षांनंतरचा विद्यार्थीही तो तपासून पाहू शकतो. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत, ते आपण सारेच जाणतो. जागतिक करारांची बोलणी बहुधा विगृह्य वृत्तीने होतात. निदान सभेचे नियम तरी संधायसंभाषेसारखे असावेत, एवढी अपेक्षा धरणे अवास्तव नाही.

आपले स्वतःचे बंद दार

येथवरचे विवेचन वाचून वाचकांना समाधान वाटले असेल, कारण दोष दूरच्या दालनांचा होता. आता थोडे जवळ पाहणे प्राप्त आहे.

संसदेने २०२३ मध्ये जैविक विविधता कायदा, २००२ यात दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. राज्य जैवविविधता मंडळाला पूर्वसूचना देण्याच्या बंधनातून संहिताबद्ध परंपरागत ज्ञान, लागवडीतील औषधी वनस्पती, आणि उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे वैद्य, हकीम व नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना वगळण्यात आले. संहिताबद्ध ज्ञान म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांतून आलेले ज्ञान. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ रोजी दिव्य फार्मसी प्रकरणात भारतीय कंपन्यांनाही लाभांश देणे भाग आहे असा निर्णय दिल्यापासून आपल्या क्षेत्रात जी अस्वस्थता होती, ती या दुरुस्तीने बऱ्याच अंशी शमली. हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मांडले गेले, संयुक्त संसदीय समितीकडे गेले, हरकती मागविल्या गेल्या. देशांतर्गत कायद्याची ही पद्धत परराष्ट्रीय करारांपेक्षा निश्चितच उघडी होती.

पण त्या हरकतींत मेळघाटातील भूमक्याचा किंवा गडचिरोलीतील वैदूचा आवाज किती होता? त्यांचे ज्ञान कोणत्याही अनुसूचीतील ग्रंथात नाही. आपली पोथी संरक्षित झाली, आपला व्यवसाय सुकर झाला. ज्याने आपल्याला वनस्पती दाखविली तो मात्र ‘संहिताबद्ध’ या एका शब्दाच्या बाहेर राहिला. वनातील ओषधी नामरूपाने ओळखतात ते शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी, असे चरकाचार्यांनीच सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात मान्य केले आहे. जिनिव्हात आपण जी तक्रार करतो, की आम्हाला न विचारता आमच्या ज्ञानाचे नियम ठरले, तीच तक्रार तो आपल्याविरुद्ध करू शकतो.

इतवारीच्या किराणा ओळीत हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी ज्या पोत्यांतून येते, त्या पोत्यांवर व्यापाऱ्याची खूण असते. गोळा करणाऱ्या गावाचे नाव आपल्या खरेदीच्या वहीत असते काय? परदेशी अर्जदाराने उगम सांगावा असा आग्रह धरणाऱ्या औषधनिर्मात्याने आपल्या वहीत उगमाचा रकाना ठेवलेला असावा, हे किमान सुसंगत होईल.

दुसरा प्रश्न गुप्त योगांचा. अनेक घराण्यांत पिढीजात योग जपले जातात, आणि ते प्रकट केल्यास बाजार ते गिळंकृत करील अशी भीती असते. ही भीती खोटी नाही. प्रकट केलेले ज्ञान पेटंटापासून वाचते. बाजारापासून वाचतेच असे नाही. परंपरागत ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय २००१ पासून उभारले गेले. त्यात आज चार लाखांहून अधिक योग व पद्धतींच्या नोंदी पाच आंतरराष्ट्रीय भाषांत आहेत. ते प्रदीर्घ काळ केवळ पेटंट कार्यालयांसाठी खुले होते. अन्य उपयोगकर्त्यांसाठी ते टप्प्याटप्प्याने खुले करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये मान्यता दिली. काय उघडे करावे आणि किती, हा प्रश्न शासनालाही सोपा गेलेला नाही. तथापि जो योग कोठेच नोंदलेला नाही, त्यावर उद्या कोणी पेटंट मागितले तर तो आपला होता हे सिद्ध करण्यास आपल्याजवळ काय असेल, याचा विचार घराण्यांनी अवश्य करावा.

नागपुरातून काय करता येईल

या विषयाच्या बाबतीत नागपूर दूरचे गाव नाही. पेटंट माहिती प्रणाली १९८० मध्ये येथेच स्थापन झाली. सिव्हिल लाइन्समधील राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत देशभरातील पेटंट परीक्षकांचे प्रशिक्षण होते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते. म्हणजे ज्यांना प्रश्न विचारावयाचे त्यांच्यापैकी अनेक जण आपल्या शहरातच भेटतात.

पहिले काम पेटंट कायद्याचे आहे. आपल्या पेटंट कायद्यातील कलम ३(पी) नुसार परंपरागत ज्ञान हा शोध ठरत नाही. जैविक सामग्रीचा उगम व भौगोलिक स्थान अर्जात सांगणे बंधनकारक आहे. कलम २५(१) नुसार अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर व पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. उगम लपविणे आणि स्थानिक समाजात तोंडी वा अन्य रूपाने असलेले ज्ञान, ही दोन्ही विरोधाची कारणे आहेत. जिनिव्हात आपण जे मागतो ते आपल्या कायद्यात दोन दशके आहे. मार्च २०२४ च्या नियमांनी या विरोधासाठी शुल्क आणि प्राथमिक छाननी आणली, त्यामुळे विरोध अधिक तयारीने करावा लागेल. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी प्रसिद्ध होते. संघटनेने तीन-चार सभासदांचा एक अभ्यासगट नेमून त्यातील वनौषधींचे अर्ज नियमितपणे पाहिले, तर हे काम दिल्लीवर सोडण्याचे कारण नाही.

दुसरे काम नोंदींचे. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही असावी, असा कायदा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यानंतर बऱ्याच ठिकाणी या वह्या घाईने पूर्ण झाल्या. वैद्यांनी आपल्या तालुक्यातील वही मागून घ्यावी, त्यातील वनस्पतींची नावे, उपयुक्त अंग, काल व मात्रा तपासाव्यात, आणि वैदूंच्या संमतीने, त्यांच्याच नावे, नोंदी पुऱ्या कराव्यात. वैदूचे ज्ञान आपल्या नावे लिहून घेण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळला पाहिजे.

तिसरे काम मागणीचे. आपल्या संघटनेने केंद्र शासनाच्या वाणिज्य व आयुष मंत्रालयांकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात. कोणत्याही करारात बौद्धिक संपदेचे प्रकरण असेल तर भारताची भूमिका बोलणी सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावी. मसुद्याचा सारांश मराठीसह भारतीय भाषांत मिळावा. अनुसमर्थनापूर्वी करार संसदीय समितीकडे जावा. परंपरागत ज्ञानावरील बोलण्यांच्या शिष्टमंडळात आयुर्वेदाबरोबरच वनक्षेत्रातील ग्रामसभांचा प्रतिनिधी असावा. या मागण्या अशक्य कोटीतील नाहीत. वायपोत यांतील बऱ्याच गोष्टी या ना त्या रूपात आधीच घडल्या आहेत.

अशी पद्धत चालते काय, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) येथे जाऊन यावे. तेथे प्रश्न आधी अभ्यासगटात मांडला जातो, बाहेरील जाणकारालाही बोलावले जाते, आणि नंतर ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेस येतो. निर्णयास विलंब लागतो, हे खरे. परंतु याच पद्धतीने त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही मिळविला. लहान गावाला जे जमले ते राष्ट्रांच्या सभेला जमणार नाही असे म्हणणे, हा त्या गावाचा नव्हे तर राष्ट्रांचा कमीपणा ठरेल.

हळदीचे व कडुनिंबाचे पेटंट रद्द झाले, कारण कोणीतरी जागे होते आणि कोणाजवळ तरी पुरावा होता. प्रत्येक वेळी तसे होईलच याची शाश्वती नाही. दहा-दहा वर्षे न्यायालयीन लढा देण्यापेक्षा नियम लिहिला जात असतानाच आपले म्हणणे त्यात घालणे, ही उत्तम चिकित्सा होय. आपल्याच परिभाषेत सांगावयाचे तर हे निदानपरिवर्जन आहे. वैद्याला त्या दालनात आसन मिळाले पाहिजे. ते मागताना आपल्या शेजारी वैदूसाठी जागा आपण राखून ठेवली, तर आपल्या मागणीला नैतिक बळ येईल. आणि ती राखली नाही, तर जिनिव्हात आपण काय मागतो आहोत, हे आपल्यालाच सांगता येणार नाही.